वस्ती आणि बंदोबस्त

जुन्या मुंबईकर मराठी माणसाच्या तोंडी 'फोर्ट' हा शब्द क्वचितच येई. तो 'कोटात जातो' असे म्हणे, आणि ज्या कोटाची तटबंदी जमीनदोस्त होऊन दीडशेहून अधिक वर्षे लोटली, तो कोट त्याच्या बोलण्यात मात्र शाबूत उभा असे. त्या कोटातून शनिवारी संध्याकाळी साडेसातनंतर, फिरोजशहा मेहता रस्त्यावरून बोराबाजाराच्या बाजूस चालत जाणाऱ्या मनुष्यास जे जाणवते, ते माझ्या विचाराचे निमित्त आहे. दुपारी ज्या पदपथावर खांद्याला खांदा घासल्यावाचून पाऊल पुढे पडत नाही, जिथे शिक्केवाले, टंकलेखक, झेरॉक्सवाले, वडापाववाले आणि दप्तरे बगलेत मारून धावणारे कारकून यांची एकच गर्दी उसळलेली असते, त्याच पदपथावर काही तासांनी आपल्या पावलांचा आवाज आपल्यालाच ऐकू येऊ लागतो. दुकानांची लोखंडी शटरे खाली ओढलेली असतात. वरच्या मजल्यांच्या खिडक्यांत दिवा नसतो. एखाद्या इमारतीच्या दर्शनी अंगाला लाकडी टेकू लावलेले असतात आणि त्यांच्याखालून जाण्यापेक्षा मनुष्य रस्त्यात उतरून मोटारींच्या वाटेने चालणे पत्करतो.

या वेळी मनात जे भय उभे राहते त्याचे स्वरूप नीट तपासले पाहिजे. कोट हा काही चोर-दरोडेखोरांचा अड्डा म्हणून कुप्रसिद्ध नाही. उच्च न्यायालय, रिझर्व्ह बँक, महापालिकेचे मुख्यालय आणि पोलिस आयुक्तांची कचेरी ज्याच्या आत किंवा हाकेच्या अंतरावर आहे, त्या प्रदेशात बंदोबस्ताची वाण असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तरीही एकट्या स्त्रीला तेथील गल्लीतून स्थानकाकडे जाताना पावले भराभर उचलावीशी वाटतात. याचे कारण असे की, तिने हाक मारली तर ती ऐकण्यास त्या गल्लीत कोणीही राहात नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते मी सर्व आग्रहाने मांडू इच्छितो, की उतरणीला लागलेल्या व्यापारपेठेची सुरक्षितता आणि तिची भरभराट हे दोन निराळे प्रश्न नसून दोहोंचे मूळ वस्तीत आहे. जिथे माणसे केवळ कामाला येतात आणि राहात कोणीच नाही, तिथे पहारे वाढवून भय कमी होत नाही आणि रोषणाई करून व्यापार वाढत नाही.

कोट आरंभापासून असा नव्हता. इंग्लंडच्या राजाने १६६८ साली वर्षाला दहा पौंड खंडाने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली, आणि पुढे गव्हर्नर चार्ल्स बून याच्या कारकिर्दीत गावाभोवती तट पुरा झाला, तेव्हा त्या तटाच्या आत देवळे, अग्याऱ्या, दुकाने आणि घरे एकमेकांना चिकटून उभी होती. बनाजी लिमजी अग्यारी १७०९ सालची. ज्याच्या नावावरून चर्चगेट हे नाव पडले ते सेंट थॉमसचे प्रार्थनामंदिर १७१८ सालचे. बाजारगेटच्या बाजूस पारशी आणि वाणी व्यापारी खाली पेढी आणि वर बिऱ्हाड अशा रीतीने राहात, म्हणजे दिवसा जो हिशेब लिही तोच रात्री खिडकीतून रस्ता पाही. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई सर केल्यावर मराठ्यांच्या धास्तीने कंपनीने तटाबाहेर खंदक खणण्याचे ठरविले, त्या वेळी कोटातील व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपयांची वर्गणी स्वतः उभी केली. त्यांना वसईच्या विजयाचा अभिमान वाटण्याचे कारण नव्हते हे मराठी वाचकाने समजून घेतले पाहिजे. पण ज्या गावात आपले दुकान आहे आणि आपली मुलेही त्याच गावात झोपतात, त्या गावाच्या रक्षणासाठी मनुष्य स्वखुशीने गाठ सोडतो, ही गोष्ट मला आजच्या संदर्भात फार मोलाची वाटते.

१८०३ च्या फेब्रुवारीत कोटाला मोठी आग लागली, दाटीची घरे मोठ्या प्रमाणात भस्मसात झाली, आणि त्यानंतर एतद्देशीयांची वस्ती तटाबाहेर सरकविण्याच्या धोरणाला जोर आला. साठ वर्षांनी गव्हर्नर बार्टल फ्रिअर याच्या अमदानीत तटच पाडला गेला. गोविंद नारायण माडगांवकरांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली प्रसिद्ध झाले, ते अशा एका शहराचे वर्णन होते की ज्याचा तट वाचकाच्या डोळ्यांदेखत नाहीसा होत होता. त्या काळातील एक हकीकत मला सर्वांत अधिक विचार करावयास लावते. कोटाच्या मध्यभागी जे मोकळे मैदान होते, जिथे पूर्वी कापसाचे गठ्ठे रचले जात आणि पुढे केरकचरा साठू लागला, तिथे वर्तुळाकार इमारती आणि मध्ये बाग करावी ही सूचना पोलिस कमिशनर चार्ल्स फोर्जेट याची होती. १८७२ साली पुरे झालेले ते एल्फिन्स्टन सर्कल म्हणजेच, 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक हॉर्निमन यांच्या नावाने आज ओळखले जाणारे वर्तुळ होय. शहराच्या शांततेची जबाबदारी ज्याच्यावर होती त्या अंमलदाराला, ओसाड जागेवर चौकी बसविण्यापेक्षा तिथे झाडे, पायवाटा आणि पेढ्या आणाव्यात असे सुचले. पुढे १८९६ साली हॉर्न्बी रस्त्यावरील इमारतींच्या तळमजल्यांना कमानींचे छत्र ठेवण्याचे बंधन सरकारने घातले आणि पादचाऱ्याला ऊन-पावसात निवारा मिळाला. त्या काळी राज्यकर्ते परके होते, त्यांचे हेतू त्यांच्या तिजोरीशी बांधलेले होते, हे सर्व खरे. परंतु रस्त्यावरून चालणारा मनुष्य त्यांच्या आराखड्यात होता.

मग कोट केवळ दिवसाचा कसा झाला? आगगाडीने उपनगरे जवळ आणली, सुखवस्तू कुटुंबे मलबार टेकडीकडे गेली, आणि घरांच्या जागी हळूहळू कचेऱ्या आल्या. ही घडामोड जगातील प्रत्येक मोठ्या शहरात झाली आहे आणि तिच्यावर फार वेळ खर्च करण्याचे कारण नाही. कोटाचे विशेष दुखणे निराळे आहे, आणि ते भाड्याच्या कायद्याशी निगडित आहे.

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतील भाडी १ सप्टेंबर १९४० च्या दराशी जखडून टाकली. हा कायदा करणारे अविचारी होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. युद्धाने घरांची टंचाई झाली होती, फाळणीमुळे निर्वासितांचे लोंढे येत होते, आणि घरमालकाच्या मर्जीवर हजारो कुटुंबांना रस्त्यावर जाऊ देणे कोणत्याही लोकाभिमुख सरकारला शक्य नव्हते. तात्पुरती म्हणून केलेली ही तजवीज मात्र अर्धशतक टिकली. भाडे त्या तारखेस थिजले. चुना, सागवान आणि गवंड्याची मजुरी ही थिजली नाहीत. ज्या मिळकतीपासून वर्षाला मिळणाऱ्या भाड्यात तिचा जिनाही रंगवून होत नाही, तिची डागडुजी मालक करीत नाही. आणि ज्याने पागडी मोजून जागा घेतली, परंतु कागदोपत्री जो भाडेकरूच राहिला, तो दुसऱ्याच्या भिंतीवर पैसा घालीत नाही. अशा रीतीने दोन मालक असलेली इमारत निराधार होते. काळा घोड्याजवळचे वॉटसनचे हॉटेल १८६० च्या दशकात इंग्लंडातून लोखंडी सांगाडा आणून उभारले गेले. ७ जुलै १८९६ रोजी ल्यूमिएर बंधूंची चलच्चित्रे हिंदुस्थानात प्रथम तिथेच दाखविली गेली. त्याच वास्तूचा सज्जा २००५ साली कोसळून मनुष्यहानी झाली आणि अखेर २०१९ साली न्यायालयाच्या हुकुमाने ती रिकामी करावी लागली. एवढ्या कीर्तीच्या इमारतीचे हे झाले. मग बोराबाजारातील एखाद्या निनावी चारमजली घराची वास्तपुस्त कोण करणार? २०२० च्या जुलैत, ऐन पावसाळ्यात, कोटातील भानुशाली इमारतीचा भाग कोसळून त्यात राहणारी माणसे दगावली.

१९९९ च्या नव्या भाडे कायद्याने एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भांडवल असलेल्या कंपन्यांचे संरक्षण काढून घेतले. ते न्याय्यच होते, कारण गरीब भाडेकरूसाठी केलेल्या कायद्याच्या सावलीत धनाढ्य कंपन्यांनी बसावे याला काही नैतिक आधार नव्हता. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, मोठ्या कचेऱ्यांना जुन्या जागेशी बांधून ठेवणारे एक कारण संपले. आधी नरिमन पॉइंटच्या भरावाने काही पेढ्या ओढल्या होत्या. पुढे वांद्रे-कुर्ला संकुलानेही मोठ्या कचेऱ्या ओढून नेल्या. मोठा आसामी गेला की त्याच्या आधाराने जगणारे लहान लोकही उठतात. दुपारच्या जेवणाच्या खानावळी, शिक्के करणारे, छापखाने, वह्या बांधणारे यांचे गिऱ्हाईक आटले. काळा घोड्याचे ऱ्हिदम हाऊस हे संगीताचे दुकान २०१६ साली बंद झाले. १९४८ पासून पुस्तकप्रेमींचे तीर्थ असलेला स्ट्रँड बुक स्टॉल २०१८ साली. त्या दुकानात उभ्या उभ्या अर्धे पुस्तक वाचून बाहेर पडलेल्या माझ्यासारख्या असंख्य लोकांना ती वार्ता घरातील मनुष्य गेल्यासारखी लागली. २०११ च्या जनगणनेत सव्वा कोटींच्या मुंबईपैकी कोट आणि कुलाबा ज्यात मोडतात त्या 'ए' विभागात सुमारे १ लाख ८५ हजार माणसे राहात होती, आणि आदल्या जनगणनेपेक्षा ती संख्या घटलेली होती. ज्या कोटासाठी रोज लोकलगाड्या बोरीबंदर आणि चर्चगेट या दोन्ही स्थानकांवर लाखो माणसे उतरवितात, त्याची स्वतःची म्हणण्याजोगी माणसे एवढी थोडी आहेत.

आता सुरक्षिततेविषयी. १२ मार्च १९९३ रोजी दलाल रस्त्यावरील शेअर बाजाराच्या इमारतीत स्फोट झाला आणि २००८ च्या नोव्हेंबरात बोरीबंदरच्या फलाटावर माणसे गोळ्यांनी मारली गेली. जे शहर या दोन गोष्टींतून गेले आहे त्याला बंदोबस्ताची आवश्यकता नाही असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. युद्धासारखे हल्ले परतविण्यास सशस्त्र पहारा लागतो, आणि त्या पहाऱ्यावर जे धारातीर्थी पडले त्यांचे ऋण आपल्यावर आहे. परंतु त्या भयाचे औषध रोजच्या भयावर लागू पडत नाही. दलाल रस्त्यावर अडथळे उभे राहिले, खांबोखांबी कॅमेरे बसले. हे कॅमेरे गुन्हा झाल्यावर त्याचा पुरावा देतात, अंधाऱ्या जिन्यात पाऊल टाकणाऱ्या मुलीला सोबत देत नाहीत. जेन जेकब्स या अमेरिकन लेखिकेने १९६१ साली शहरांविषयी लिहिलेल्या ग्रंथात, रस्ता सुरक्षित राखतात ते त्याच्यावर स्वाभाविकपणे लागलेले डोळे, असा विचार मांडला. त्यासाठी आपल्याला न्यूयॉर्कला जाण्याचीही गरज नाही. गिरगावातील कोणत्याही वाडीत नवखा मनुष्य शिरला की गॅलरीतून "कोण पाहिजे?" असा प्रश्न येतो. तो प्रश्न विचारणारे कोटात उरले नाहीत.

शिवाय कोटातील खरा धोका बहुधा मनुष्याकडून येतच नाही. १४ मार्च २०१९ रोजी, ऐन घरी परतण्याच्या वेळी, बोरीबंदर स्थानकाला जोडणारा हिमालय पूल कोसळला आणि कामावरून सुटलेले लोक त्याच्याबरोबर खाली आले. काही महिन्यांपूर्वीच त्या पुलाची तपासणी होऊन तो वापरण्यास योग्य ठरविला गेला होता. जिन्याखाली विजेच्या मीटरांची खोकी, त्यांच्या शेजारी रद्दीचे गठ्ठे, वर लाकडी पायऱ्या, आणि बाहेर पडण्यास दुसरी वाट नाही, हे दृश्य ज्याने कोटात पाहिले नाही असा मनुष्य विरळा. तेव्हा सुरक्षिततेसाठी पैसा खर्च करावयाचा तर पहिला रुपया या जिन्यांवर, सज्ज्यांवर आणि पुलांवर पडला पाहिजे. नवे कॅमेरे त्यानंतर.

दुसरा मुद्दा फेरीवाल्यांचा, आणि येथे माझे पुष्कळ मित्र माझ्याशी सहमत होत नाहीत. हुतात्मा चौकापासून चर्चगेटकडे जाणाऱ्या रस्त्यावर जुन्या पुस्तकांच्या राशी मांडून बसणारे विक्रेते २००५ च्या सुमारास महापालिकेने उठविले. पुढे थोडे परत बसले, पण पूर्वीचा तो बाजार गेला. पदपथ मोकळा झाला हे खरे. परंतु अंधार पडल्यावरही ज्या कंदिलांच्या उजेडात विद्यार्थी घासाघीस करीत उभे असत, तो उजेडही गेला. पदपथ पादचाऱ्याचा आहे, मूल कडेवर घेतलेल्या बाईला फेरीवाल्यामुळे रस्त्यात उतरावे लागणे हा अन्याय आहे, हा युक्तिवाद मला मान्य आहे. २०१७ साली उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकांपासून दीडशे मीटरच्या आत विक्री करू नये असे म्हटले, त्यामागे स्थानकावरील चेंगराचेंगरीत गेलेल्या जिवांची स्मृती होती. परंतु २०१४ च्या केंद्रीय कायद्याने फेरीवाल्यांची पाहणी, नोंदणी आणि जागांची आखणी करावी असेही सांगितले आहे, आणि ते काम जोपर्यंत प्रामाणिकपणे होत नाही, तोपर्यंत महापालिकेची गाडी आली की पथारी गुंडाळावयाची आणि गेली की मांडावयाची, हा अपमानाचा खेळ चालूच राहील. माझी सूचना साधी आहे. कोटात दिवसा गर्दी असते आणि रात्री सन्नाटा. मग परवाना जागेबरोबर वेळेचाही का असू नये? ज्या गल्ल्या सहानंतर ओस पडतात तिथे सहा ते अकरा बसण्याचा हक्क, ठरलेल्या संख्येने, ठरलेल्या शुल्कात, पुस्तकवाल्यांना आणि खाद्यपदार्थवाल्यांना द्यावा. दुपारचा पादचारी अडणार नाही आणि रात्रीच्या पादचाऱ्याला सोबत मिळेल. सरकारने २०१७ साली दुकाने चोवीस तास उघडी ठेवण्यास कायद्याने मुभा दिली, २०२० च्या जानेवारीत त्याचा पुन्हा गाजावाजा झाला आणि दोनच महिन्यांत महामारीने शहराला कुलूप लागले. परंतु महामारी ओसरल्यावरही कोटातील दुकाने काही रात्री उघडी राहू लागली नाहीत, कारण गिऱ्हाईक सातच्या गाडीने कल्याणला गेलेले असते.

म्हणून फिरून मी वस्तीवरच येतो. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला जी जुनी पेढ्यांची वस्ती आहे, तिची दशा १९९० च्या सुमारास आपल्या कोटासारखीच झाली होती. कचेऱ्या रिकाम्या पडल्या होत्या आणि संध्याकाळी रस्ते निर्मनुष्य होत. १९९५ मध्ये त्या शहराने जुन्या कचेऱ्यांची घरे करणाऱ्यांना करात सवलत देऊ केली, आणि त्या भागात हजारो कुटुंबे राहावयास आली. त्याच शहरातील ब्रायंट पार्क हे गर्दुल्ल्यांचे आगर झालेले उद्यान चार वर्षे बंद ठेवून १९९२ साली पुन्हा उघडले, तेव्हा तिथे हलविता येणाऱ्या खुर्च्या आणि खाण्याच्या सोयी आणल्या गेल्या आणि लोक येऊ लागले. व्यापाऱ्यांनी आपल्या पेठेपुरता जादा कर स्वतःवर बसवून घ्यावा आणि त्यातून झाडलोट, दिवाबत्ती आणि देखभाल करावी, ही पद्धत १९७० साली कॅनडातील टोरांटो शहरात सुरू झाली आणि पुढे अमेरिकेत फार फैलावली. आपल्याकडे १७३९ सालच्या वर्गणीत तिचे बीज होते. मात्र ही उदाहरणे मी सावधपणे घेतो. मॅनहॅटनमधील त्या घरांची भाडी सामान्य मनुष्याच्या आवाक्यात राहिली नाहीत, आणि ज्या उद्यानाचा खर्च व्यापारी देतात त्यात कोणी बसावे हेही हळूहळू व्यापारीच ठरवू लागतात. आपल्या काळा घोड्यावर १९९९ पासून भरणाऱ्या कलामहोत्सवाने त्या चौकाला नवे चैतन्य दिले, त्याचे श्रेय त्या संस्थेला दिलेच पाहिजे. परंतु त्याच्या मागोमाग आलेल्या उंची दुकानांत बोराबाजारातील छापखान्याचा कामगार पाऊल टाकीत नाही. कोट सजवून तो मूठभरांचा करावयाचा असेल तर तो पडका राहिलेला काय वाईट?

कोटात कोणी राहावे हे मला स्पष्ट दिसते. सेंट जॉर्ज आणि गोकुळदास तेजपाल या रुग्णालयांतील परिचारिका रात्रपाळी संपवून पहाटेच्या गाडीने टिटवाळ्याला जातात. रेल्वेचे गार्ड, न्यायालयातील शिरस्तेदार, महापालिकेचे कारकून, सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेचे विद्यार्थी, हे सारे रोज दोन-दोन तास लोंबकळत येतात. त्यांच्या कामाच्या जागेपासून दहा मिनिटांच्या वाटेवर मजलेच्या मजले कुलूपबंद पडलेले असतात. त्या मजल्यांची दुरुस्ती करून तेथे माफक भाड्याच्या खोल्या करणाऱ्या मालकाला मालमत्ता करात ठरावीक वर्षे सूट द्यावी, भाडेकरूचा वाटा कायद्याने निश्चित करून पागडीचा घोळ एकदाचा मिटवावा, आणि दर्शनी भाग १९९५ च्या वारसा नियमांप्रमाणे जपून आतील जिने मात्र आगीला तोंड देतील असे नव्याने बांधू द्यावेत. यात एक अडचण आहे, तीही सांगतो. राहणारे आले की रात्रीच्या गोंगाटाच्या तक्रारी येतील, आणि ज्यांनी रात्रीचा बाजार मागितला तेच तो बंद करा म्हणतील. हा कलह मला भीतिदायक वाटत नाही. तो जिवंत पेठेत असतोच, आणि तो मिटविण्यासाठी प्रभाग समित्या आहेत. २०२५ च्या ऑक्टोबरापासून भुयारी मेट्रो हुतात्मा चौकाखाली थांबू लागली आहे. ती कोटात माणसे आणील आणि तितक्याच वेगाने बाहेर नेईल. येथे राहण्याची सोय झाली नाही, तर संध्याकाळी रिकामे होण्याचे काम तिने आणखी सुकर केले असे होईल.

बोराबाजारातील एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर माझ्या परिचयाच्या एक वृद्ध बाई राहतात. लग्न होऊन त्या तेथे आल्या तेव्हा त्या जिन्यावर अकरा बिऱ्हाडे होती. आता त्यांच्या एका बिऱ्हाडाखेरीज सर्व खोल्यांत कचेऱ्या आणि गोदामे आहेत. मागे एकदा पावसाळ्यात रात्री जिन्यातील दिवा गेला आणि त्यांचा पाय घसरला. त्या हाका मारीत राहिल्या, आणि अखेर रस्त्यावरून जाणारा एक हातगाडीवाला वर आला. मी त्यांना भेटावयास गेलो तेव्हा त्यांनी महापालिकेबद्दल की पोलिसांबद्दल एक शब्द काढला नाही. समोरच्या दाराकडे बोट करून, येथे कोणी बिऱ्हाड करील का, एवढेच त्यांनी मला विचारले.